चौऱ्याहत्तर नवरदेवांची गाडी

आदिलाबादेत सुधाकररावांच्या घराला चार खोल्या आहेत आणि त्यातली सगळ्यात चांगली खोली गाडीची आहे. तिला दोन खिडक्या आहेत, खाली शहाबादी फरशी आहे, आणि छत गळत नाही. नवरा-बायको झोपतात त्या खोलीला एकच खिडकी आहे, आणि ती उघडत नाही.

गाडी विलायतेची. एमजी नावाची, एक्कावन्न सालची, गडद हिरवी, वरून उघडी आणि दोनच माणसांची. लांब नाक, मागे पाठीवर बांधलेलं जादा चाक, आणि दारं अशी की इतर गाड्यांची जिकडून उघडतात तिकडून ती बिजागरीला टांगलेली. अंगावर ओरखडा नाही. बघायला येणारे विचारतात, इतकी कशी काय जपली? तेव्हा आशाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता सांगतात, "वरातीबिगर कोठी गेलीच नाई, तं बिघडन कशी? तिच्यासंगं आमी बी नाई गेलो."

हे त्या गमतीनं म्हणत नाहीत.

सुधाकररावांच्या वडिलांनी, म्हणजे अमृतरावांनी, त्र्याण्णव साली शेवटचा श्वास घेण्याआधी मुलाला जवळ बोलावलं. मुलाला वाटलं, आईची काळजी घे म्हणतील. अमृतराव म्हणाले, "रोज सकाळी सातला दहा मिनिटं चालू करजो. रोज संध्याकाळी सातला झाकजो." कधीपर्यंत, ते सांगायच्या आत गेले. तेव्हापासून सुधाकररावांचं जग सात ते सात एवढंच राहिलं. या मधल्या वेळात त्यांनी कापडाचं दुकान चालवलं, म्हातारपणी ते भाच्याला दिलं, एक मुलगी वाढवली आणि तिचं लग्नही केलं. मयूरी चार वर्षांची असताना तिला अक्षर गिरवायला बासरला सरस्वतीच्या देवळात नेलं, तर पोरीनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं आणि बाप म्हणाला, चला. गोदावरी बघायची राहिली. बाहेरगावी मुक्काम असा एकतीस वर्षांत झालाच नाही.

दुसऱ्या कोणाला चालू करायला सांगावं, तर सुधाकररावांचं म्हणणं असं, की तिला हात बसलेला लागतो.

मयूरी आता नाशकात असते. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण बाळंतिणीला द्यावी अशी खोली घरात एकच होती आणि तीत गाडी होती. सुधाकरराव म्हणाले होते, आपण मधे पडदा लावू. मयूरी फोनवर म्हणाली, "राहू द्या, बाबा." मुलगा झाला. तो आता दोन महिन्यांचा होता, आणि रविवारी त्याचं लांबलेलं बारसं होतं.

आशाबाईंनी न विचारता शुक्रवारच्या नंदीग्राम एक्सप्रेसची दोन तिकिटं काढून आणली आणि देवघरात कुंकवाच्या कोयरीखाली ठेवली.

"दोन हायत," त्या म्हणाल्या. "एकावर माहं नाव हाय. दुसऱ्यावर तुमचं. गाडीचं नाव घातलं नाई, तिले जागा भेटत नाई म्हणे."

"आशा, चार दिवस तिले कोण पाहीन?"

"तेच म्हणून राह्यली. तिले पाहा नाईतं नातवाले पाहा. मी तं चालली."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, आणि त्यामुळंच सुधाकरराव घाबरले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गाडी विकायला काढली. हैदराबादच्या प्रताप रेड्डींना फोन केला. रेड्डी जुन्या गाड्या गोळा करतात. किमतीचं बोलणं फोनवरच झालं. रेड्डी गुरुवारी सकाळी ट्रक मागवूनच येतो म्हणाले. गुरुवारी गाडी जायची, शुक्रवारी माणसं जायची. सुधाकररावांनी कित्येक वर्षांनी आपली सुटकेस माळ्यावरून काढली. तिला कुलूप होतं आणि किल्ली नव्हती.

रेड्डी आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, पायांत पांढरे बूट. गाडीभोवती ते देवळात फिरतात तसे फिरले, खाली वाकून पोटाखालून पाहिलं, आणि म्हणाले, "सर, गाडी तो फस्ट क्लास है. अब हिस्टरी दिखाव."

"हिस्टरी?"

"मालिकां की. पहले से आज तक कौन कौन, किसने किसको दिया, सब का पेपर. बिना पेपर के मैं कुछ लेता नक्को. मेरी शादी का बी सर्टिफिकेट है."

कागद म्हटल्यावर सुधाकररावांच्या जिवात जीव आला. कागदांच्या बाबतीत हे घर कधी कमी पडलेलं नाही. अमृतराव कचेरीसमोर पिंपळाखाली बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज आणि दस्त लिहायचे. सुधाकररावांनी लोखंडी पेटी आणून समोर ठेवली आणि गाडीचा इतिहास सांगायला लागले.

पहिला मालक सिकंदराबादच्या छावणीतला एक गोरा साहेब. त्याला मायदेशी परत जायचं होतं, पण गाडी बोटीवर घेईनात आणि गाडीला सोडून जायला त्याचं मन घेईना. असा तो दोन वर्षं उन्हात अडकून राहिला. शेवटी आदिलाबादचे जिनिंगवाले नारायणदास शेठ कापसाच्या कामानं तिकडं गेले असताना त्यानं ती त्यांच्या गळ्यात घातली आणि त्याच आठवड्यात बोट पकडली. तो कागद उर्दूत होता. रेड्डींनी तो डोळ्यांना लावला.

शेठजींनी गाडी घरून जिनिंगपर्यंत चालवली. ते अंतर आठशे पावलं होतं. पुढं रस्ते नव्हते. पण गाडी कोणाच्या भरवशावर सोडावी असं त्यांना वाटेना, म्हणून मुंबईच्या सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा ते गेले नाहीत. पुढं त्यांना काशीला जायचं होतं. त्यांनी आपल्या ओळखीतला सगळ्यात सज्जन माणूस शोधला. तो अमृतराव निघाला. आठ दिवस सांभाळा म्हणाले, तसं बक्षीसपत्र करून दिलं, आणि काशीहून मोठ्या समाधानाचं एक पत्र पाठवलं. ते परत आले नाहीत.

"व्हेरी गुड," रेड्डी म्हणाले. "फिर?"

"मंग नवरदेव," सुधाकरराव म्हणाले, आणि पेटीतून दोन जाडजूड गठ्ठे काढले.

ही गोष्ट अशी झाली. अमृतरावांना नाही म्हणता येत नसे. गावोगावचे लोक नवरदेवासाठी गाडी मागायला लागले. ते देत आणि सोबत चालवायला मुलाला पाठवत. एकदा रस्त्यात एका तपासणीवाल्या साहेबानं वरात अडवली. खासगी गाडीत दुसऱ्याचा नवरदेव म्हणजे टॅक्सी, आणि परवाना नसलेली टॅक्सी म्हणजे गुन्हा. अमृतराव रात्रभर विचार करून पिंपळाखाली आले आणि त्यांनी तोड काढली. स्वतःच्या गाडीत बसलेल्या नवरदेवाला कोण अडवणार? त्या दिवसापासून लग्नाच्या सकाळी ते नवरदेवाच्या नावानं गाडीचं रीतसर बक्षीसपत्र लिहून देत, साक्षीदारांसकट. दुसऱ्या दिवशी नवरदेव हळदीच्या हातानं तसंच बक्षीसपत्र उलट लिहून देई. वडील गेल्यावर सुधाकररावांनी ही पद्धत चालू ठेवली. पुढं नवरदेवांना काळ्या काचांच्या मोठ्या गाड्या आवडायला लागल्या, तेव्हा ती आपोआप बंद पडली.

रेड्डींनी भारावून एकेक कागद पाहिला. असली हिस्टरी सगळ्या हैदराबादेत कुणाकडं नाही म्हणाले. मग खुर्चीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी दोन्ही गठ्ठे जोडीजोडीनं लावायला घेतले. आशाबाईंनी दुसऱ्यांदा चहा दिला. तिसऱ्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा रेड्डी म्हणाले, "सर. देने के चौहत्तर हैं. वापस आने के तिहत्तर."

"असन कोठीतरी."

पेटी उलटी केली. तळाशी डांबराच्या गोळ्या निघाल्या. एक नवरदेव कमी तो कमीच. मग देण्याच्या गठ्ठ्यातला जोडी नसलेला कागद रेड्डींनी वर धरला. सन शहाण्णव, मे महिना, मारोती, मुक्काम नेरडीगोंड्याजवळचं एक खेडं, पेशा कापसाची शेती. खाली सुधाकररावांची स्वतःची सही होती, वडिलांसारखीच वळणदार.

"तो आज की तारीख में मालिक कौन हुवा?" रेड्डींनी हळू आवाजात विचारलं.

सुधाकरराव दस्त लिहिणाऱ्याचे चिरंजीव होते. कागदावर जे लिहिलंय ते खोटं म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्यांनी गाडीकडं पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ते रोज सकाळी सातला दुसऱ्याची गाडी चालू करत होते.

"मारोती," ते म्हणाले.

"तो उसका साइन लाव. शाम तक ट्रक रुकता. उसके बाद मैं बी जाता, ट्रक बी जाता."

रेड्डींच्याच मोटारीतून दोघं नेरडीगोंड्याकडं निघाले. हमरस्ता चांगला झाला होता. तो चांगला झाल्याचं सुधाकररावांना ऐकून माहीत होतं.

मारोती वावरात सापडले. पंचावन्नचे, केस पांढरे, खांद्यावर फवारणीचा पंप. त्यांनी सुधाकररावांना ओळखलं, पंप खाली ठेवला आणि हात जोडले.

"या जी, या! काऊन आले इकडं? कोणाचं लगन हाय?"

सुधाकररावांनी हकीकत सांगितली. मारोतींनी कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"मी आलतो जी दुसऱ्या दिवशी सही कराले. तुमाले ताप होता. आशाबाईनं च्या पाजला न् म्हणे उद्या या. उद्या सरकी टोबाची होती. मंग राह्यलंच." ते हसले. "म्हंजे अठ्ठावीस वर्षं मी मोटारवाला हाय काय? अन् मी इकडं मोटरसायकलच्या हप्त्यापायी... द्या, कोठी सही करू?"

सुधाकररावांनी पेन पुढं केलं. तेवढ्यात कापसाच्या ओळींमधून मारोतींची बायको बयनाबाई आली. उंच बाई, डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात विळा. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सही कराची नाई," ती म्हणाली.

"अवं, त्याइची गाडी हाय."

"कागदावर कोणाचं नाव हाय? तुमचं हाय. मंग तुमची हाय." ती सुधाकररावांकडं वळली. "वळखलं काय मले?"

"नाई बाई."

"कसे वळखसान. लगन लागलं, वरात माघारी निंगाली. गाडीत जागा दोन. एकीवर हे बसले बाशिंग बांधून, दुसरीवर तुमी. न् नवरी मांग टॅक्टरच्या टालीत, भांड्याइसंगं. चौदा किलोमीटर मी त्या मांगच्या चाकाकडं पाह्यत आली. सारी धूळ माह्या तोंडात. तुमी एकडाव मांग पाह्यलं?"

सुधाकरराव चौऱ्याहत्तरपैकी जवळजवळ साठ वरातींना चालवायला गेले होते. आता त्यांना पहिल्यांदाच कळलं की त्या साठ वरातींच्या मागं साठ ट्रॉल्या होत्या.

"नाई पाह्यलं," ते म्हणाले.

"मंग गाडी माही हाय. याइची नाई, तुमची बी नाई. माही."

रेड्डींना बयनाबाईचं मराठी कळत नव्हतं, पण विळा कळत होता. "क्या बोल रही?" त्यांनी विचारलं. सुधाकरराव उत्तर देणार होते, गयावया करणार होते, उद्याच्या नंदीग्रामचं, नातवाचं, सगळंच सांगणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि मध्येच थांबले. कारण त्यांच्या लक्षात आलं, की गाडी बयनाबाईची असेल तर उद्या सकाळी सात वाजता ती सुधाकररावांची नाही.

"न्या," ते म्हणाले. "आजच न्या. आत्ताच चला."

आता घाबरायची पाळी मारोतींची होती. "इतक्या खुशीनं देऊन राह्यले म्हंजे काही गडबड हाय. खटला-बिटला हाय काय तिच्यावर? चोरीची हाय काय?"

"नाई हो."

"मंग तुमी काऊन सोडून राह्यले? मले नाई पाह्यजे. हे घ्या, सही करतो मी, तुमची तुमाले."

"मी घेत नाई."

"अहो, तुमचीच हाय!"

"तुमची हाय. कागद पाहा."

असे दोन सज्जन कापसात उभे राहून एक विलायती गाडी एकमेकांवर ढकलत राहिले, आणि ज्याला ती खरोखर हवी होती तो तिसरा बांधावर उभा राहून बुटांना लागलेला चिखल पाहत होता. शेवटी बयनाबाईनं विळा मारोतींच्या हातात दिला. ती रेड्डींच्या मोटारीत जाऊन पुढच्या सीटवर बसली.

आदिलाबादेत पोचले तेव्हा चार वाजले होते. गाडीची खोली उघडली. बयनाबाई दारात क्षणभर उभी राहिली, मग आत जाऊन चाकापाशी, म्हणजे चालवायच्या जागी, बसली. ती ट्रॅक्टर चालवते हे मारोतींनी आता सांगितलं, जरासं लाजून.

सुधाकरराव बाजूला उभे राहिले आणि शिकवायला लागले. "पाहा बाई, इच्या तब्येतीचा पहिले विचार करा लागते. माह्या वडलांनी सांगतलं होतं की हवा जड असली म्हंजे पेट्रोल..."

वडील काय म्हणाले होते ते दहा मिनिटं चाललं. मग ते किल्लीपाशी आले, मग परत वडिलांपाशी गेले. सुधाकररावांच्या मनात हळूहळू एक विचार आकार घेत होता आणि तो ते बोलूनही दाखवत होते, की महिनाभर आपण रोज सकाळी नेरडीगोंड्याला जावं, निदान पंधरा दिवस तरी, हात बसेपर्यंत. बारसं काय, नातू पुढंही बघता येईल...

आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बयनाबाई, किल्ली फिरव. टिकटिक आयकू येते? ते बंद होईपर्यंत काईच नको करू. झालं बंद. आता ते खटक्याचं बटन वढून धर, अर्धंच. पूरं वढलं का हे खोकते. आता दुसरं वढ न् सोड."

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. सुधाकररावांना तिसरा झटका लागायचा.

खोलीभर निळसर धूर झाला. त्या धुरात सुधाकरराव बायकोकडं पाहत होते.

"तुले कसं मालूम?"

"भिंतीपल्याड माही चूल हाय. एकतीस वर्षं आयकून राह्यली."

"मंग सांगतलं काऊन नाई? मी कोठीतरी गेलो असतो न! चार दिवस तू चालू केली असती!"

"म्हणूनच नाई सांगतलं," आशाबाई म्हणाल्या. "तुमी गेले असते. न् मी काय केलं असतं? चालू केली असती."

इंजिनाचा आवाज मोठा होता.

सुधाकररावांनी वळून बयनाबाईला सांगितलं, "बाई, रोज सकाळी सातला. बरोब्बर सातला."

"सातला मी वावरात असते. जवा टाइम भेटन तवा करीन," बयनाबाई म्हणाली, आणि गिअर टाकला. मारोती पळत जाऊन शेजारच्या जागेवर बसले व दोन्ही हातांनी समोरची फळी धरली. हिरवी गाडी अंगणातून निघाली, दारातल्या उकिरड्याला वळसा घातला आणि कच्च्या रस्त्याला लागली. मागं धुळीचा मोठा लोट उठला.

"अम्मा! धूल! धूल में नक्को!" रेड्डी ओरडले, आणि आपल्या मोटारीत बसून त्यांच्या मागं निघाले. विकत घ्यायचं बोलणं आता बयनाबाईशी करायचं होतं. ट्रकवाला कोपऱ्यावर उभा राहून आपण कुणाच्या मागं जायचं ते ठरवत होता.

अंगण रिकामं झालं. सुधाकरराव चांगल्या खोलीत जाऊन उभे राहिले. खोली केवढी मोठी होती. इथं बाळंतिणीची खाट, पाळणा, शेगडी सगळं मावलं असतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना बसायला जागाही उरली असती. ते खोलीच्या मध्ये आले, मग भिंतीकडं गेले, मग परत मध्ये आले. भिंतीपलीकडून आशाबाई लाडू बांधताना डबा आपटत होत्या. तो आवाज इतका स्पष्ट ऐकू येत होता, की सुधाकररावांनी कान दुसरीकडं केला.

मयूरीचा फोन आला. आशाबाईंनी तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा, आई एकटीच येणार आहे ना? स्टेशनवर कोणाला पाठवू ते ठरवायचंय," मयूरी म्हणाली.

काय कारण सांगावं ते सुधाकररावांना नेहमी आधीच माहीत असे. आज त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"मी बी येऊन राह्यलो," ते म्हणाले.

मयूरी म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय."

त्यांनी फोन ठेवला, कुलूप तोडून सुटकेस उघडली आणि त्यात दोन धोतरं, दोन सदरे, दाढीचं सामान एवढं व्यवस्थित लावलं. मोजून चार दिवसांचं. मग देवघरातून तिकिटं आणून चष्मा लावून वाचली. आदिलाबाद ते नाशिक, दोन. पुन्हा वाचली. उलटी करून मागची बाजू पाहिली.

"आशा, परतीची कोठी हायत?"

"परतीची काढली नाई," आशाबाई आतून म्हणाल्या. "पोरीले नोकरीवर जाचं हाय. ते म्हणे, बाबा आले तं बाळ शाळेत जाईपर्यंत तुमी दोघं राहा."

सुधाकररावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि सुटकेसमध्ये आणखी दोन सदरे घातले. मग जरा थांबून विचारलं,

"तो सकाळी कितीले उठते?"

"साडेपाचले," आशाबाई म्हणाल्या. "रोज."